मुंबईचे सहा ऋतू आणि हौशी छायाचित्रकार

मुंबईस ऋतू म्हणून काही नाहीतच, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित मंडळींत रूढ होऊन बसली आहे. पुण्यास थंडी पडते, कोकणात पाऊस पडतो, नागपुरास ऊन तापते. मुंबईस मात्र आठ महिने घाम आणि चार महिने छत्री, असे थट्टेने म्हणण्याची चाल आहे. सकाळी घाईघाईने दोन घास पोटात ढकलून गाडी गाठावयाची आणि दिवेलागणीनंतर घरी परतावयाचे, असा ज्यांचा नित्यक्रम, त्यांस वसंत केव्हा आला आणि शरद केव्हा सरला याचा पत्ता लागू नये, यात नवल ते काय! पंचांगात ऋतू छापलेले असतात आणि ते तेथेच राहतात.

परंतु याच गजबजलेल्या शहरात एक वर्ग असा आहे की, ज्यास सहाही ऋतूंची खडान्‌खडा माहिती असते. शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी कोणत्या महिन्यात उतरतात, राणीच्या बागेतील उर्वशी केव्हा फुलते, दादरच्या चौपाटीवरून पाहता मावळता सूर्य वरळीच्या अंगाने जातो की वांद्र्याच्या, हे तो पंचांग न उघडता सांगू शकतो. हा वर्ग म्हणजे हौशी छायाचित्रकारांचा. रविवारी पहाटे, घरातील मंडळी साखरझोपेत असताना, खांद्यास पिशवी अडकवून हलक्या पावलांनी जिना उतरणारा एखादा काका, एखादा पुतण्या आणि हल्ली एखादी सूनबाईसुद्धा पुष्कळ घरांत आढळते. घरातील वडीलधाऱ्यांस हा उद्योग बहुधा रिकामपणाचा वाटतो. तो खरोखर तसा आहे किंवा कसे, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

छंदाची मुंबईतील परंपरा

छायाचित्रणाची कला १८३९ साली दागेर या फ्रेंच गृहस्थाच्या शोधाने जगापुढे आली, आणि अवघ्या पंधरा वर्षांत, म्हणजे १८५४ साली, मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था स्थापन झाली. कलकत्ता व मद्रास येथे अशा संस्था १८५६ मध्ये निघाल्या. तेव्हा या बाबतीत मुंबईने दोन वर्षांची आघाडी साधली होती. या मंडळात केवळ साहेब लोकच होते असे नव्हे. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेले डॉक्टर. रोग्यांची नाडी पाहता पाहता त्यांनी कॅमेऱ्याचीही नाडी ओळखली आणि या संस्थेच्या कार्यात भाग घेतला. त्याच सुमारास एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्यात शिकून तयार झालेले हरिश्चंद्र चिंतामण हे पुढे मुंबईतील आरंभीच्या हिंदी व्यावसायिक छायाचित्रकारांत गणले गेले.

त्या काळी हा छंद म्हणजे एक लहानसा यज्ञच होता. १८५१ साली आर्चर याने काढलेल्या पद्धतीप्रमाणे काचेवर रसायनाचा लेप द्यावयाचा, तो ओला असतानाच चित्र घ्यावयाचे आणि ओला असतानाच काच धुऊन काढावयाची. लेप वाळला की सारी मेहनत फुकट! मुंबईच्या उकाड्यात हा अवधी आणखीच आखूड होई. म्हणजे देखाव्याचे चित्र काढावयास निघालेल्या मनुष्यास कॅमेरा, तिवई, काचा, बाटल्या आणि काळोखी राहुटी एवढा संसार हमालांच्या डोक्यावर देऊनच बाहेर पडावे लागे. आजचा तरुण खिशातील फोन काढून निमिषार्धात जे करतो, त्यामागे ही तपश्चर्या उभी आहे.

पुढे सावेदादा या नावाने प्रसिद्ध असलेले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईत छायाचित्रणाचे दुकान चालविले आणि १८९९ साली मलबार टेकडीवरील हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या कुस्तीचे चलच्चित्र घेतले. १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परत आले, त्या स्वागताचे चित्रही त्यांचेच. दादासाहेब फाळके हेही मूळचे छायाचित्रकार. १९१२ साली चित्रपटाकरिता भांडवल जमविण्याचा प्रसंग आला, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून तिच्यासमोर कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपली. पडद्यावर तो अंकुर डोळ्यांदेखत वाढताना पाहून धनको प्रसन्न झाला! पुढे दादर येथे तयार झालेला 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन नाट्यगृहात लागला. हिंदी चित्रपटाचा वृक्ष अशा रीतीने एका वाटाण्याच्या वेलावर चढला आहे, आणि त्या वाटाण्याचा धडा सर्व हौशी मंडळींनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एका जागी, एकाच वस्तूकडे, नेमाने पाहत राहिल्यास सामान्य वस्तूही अद्भुत होते.

१८८८ साली ईस्टमनचा कोडॅक आणि १९०० साली एका डॉलरचा ब्राउनी निघाला, तेव्हा ही कला श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून मध्यम स्थितीतील कुटुंबात उतरली. १९३७ साली मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन होऊन हौशी मंडळींस हक्काचे व्यासपीठ मिळाले. स्वातंत्र्यानंतरच्या पिढीने बडोद्यास तयार होणारा आग्फाचा 'क्लिक थ्री' आणि उटकमंडची 'इंदू' फिल्म यांवर हात बसविला. एका फितीवर बारा चित्रे. ती संपावयास कधी कधी दिवाळीपासून पाडव्यापर्यंत काळ लागे. बाराच चित्रे असल्यामुळे प्रत्येक चित्रापूर्वी विचार करणे भाग पडे, हा त्या गरिबीचा मोठाच लाभ होता.

सूर्याचा आणि समुद्राचा हिशेब

छायाचित्र हे उजेडाचे काम. म्हणून जो या छंदास लागतो, त्यास कळत नकळत थोडे ज्योतिषशास्त्र शिकावेच लागते. उत्तरायण आणि दक्षिणायन हे शब्द आपण संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर उच्चारतो आणि विसरून जातो. मुंबईच्या अक्षांशावर मावळता सूर्य जूनअखेरच्या सुमारास ठीक पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेस, तर डिसेंबरअखेरच्या सुमारास तितकाच दक्षिणेस जातो. दादरच्या चौपाटीवर एक जागा निश्चित करून दर महिन्यास तेथूनच सूर्यास्ताचे चित्र घ्यावे. हिवाळ्यात तो वरळीच्या इमारतींमागे उतरतो. मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस, विषुवदिनांच्या सुमारास, २००९ साली खुल्या झालेल्या सागरी सेतूवर टेकतो. पुढे उन्हाळ्यात वांद्र्याच्या अंगाने सरकत जातो. बारा चित्रे एका ओळीत मांडली की आठवीच्या मुलासही उत्तरायण-दक्षिणायन असे समजते की, पुस्तकातील आकृतीची गरजच उरत नाही.

गिरगाव चौपाटीची गोष्ट निराळी. तेथे सूर्य समुद्रात बुडतो असे आपण सर्रास बोलतो; वस्तुतः तो मलबार टेकडीच्या आड जातो. पाण्यात बुडणारा सूर्य पाहावयाचा तर मरीन ड्राइव्हने दक्षिणेकडे, नरिमन पॉइंटपर्यंत चालत गेले पाहिजे. उलट, सकाळी हीच टेकडी पूर्वेच्या उन्हाने अशी उजळते की, चौपाटीवरील उत्तम चित्रे सकाळीच मिळतात. तसेच मे महिन्याच्या १५ तारखेच्या आणि जुलैच्या २८ तारखेच्या सुमारास मुंबईत भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत ढग आडवे येतात. परंतु मे महिन्यात अंगणात लोटी मांडून मुलांनी हा चमत्कार अवश्य टिपावा. ही वेळ घड्याळात बाराची नसून साडेबारानंतर पाचेक मिनिटांनी येते. याचे कारण आपले घड्याळ ८२॥ अंश रेखांशाचे आणि आपण राहतो सुमारे ७३ अंशांवर. जुन्या मंडळींस आठवणारा 'मुंबई टाइम' हा प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटे मागे असे, तो याच हिशेबाने.

समुद्राची घटिका पाहण्यास आपले पंचांग पुरते. तिथीच्या आकड्यास पाऊणपट करावे. जो आकडा येईल, त्या तासास भरतीचा अदमास धरावा, असा किनाऱ्यावरील लोकांचा जुना ठोकताळा आहे. प्रतिपदेस पाऊण, चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास येते, ती यामुळेच. आणि मरीन ड्राइव्हवर पावसाळ्यात रस्त्यापर्यंत उसळणाऱ्या लाटा दिवसाउजेडी पाहावयास मिळतात, त्याही त्यामुळेच. त्या वेळी कठड्यावर वा खडकांवर उतरून चित्र काढण्याचा मोह मात्र निग्रहाने आवरावा. चित्राहून जीव मोलाचा आहे, हे तरुणांस बजावून सांगणे हे घरातील वडील मंडळींचे काम होय.

वसंत आणि ग्रीष्म

वसंताची पहिली वर्दी मुंबईत काटेसावर देते. पाने झडलेल्या फांद्यांवर तिची लाल फुले लागली की मैना, बुलबुल, कावळे यांची तेथे जत्रा भरते. त्यामागून पांगारा, सोनमोहर, बहावा, तामण आणि अखेर गुलमोहर असा क्रम चालतो. सोनमोहराच्या फुलांचा पिवळा सडा दादरच्या वाड्यांतील रस्त्यांवर पडतो, तो झाडूवाल्याच्या आधी गाठावा लागतो. नाहीतर तोवर निम्मा वसंत टोपलीत गेलेला असतो. तामण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प; त्याचा जांभळा रंग भर दुपारच्या उन्हात फिका पडतो, म्हणून त्याचे चित्र सकाळी आठाच्या आत घ्यावे. गुलमोहर आपण आपलाच समजतो, परंतु तो मूळचा मादागास्कर बेटाचा पाहुणा आहे. मुंबईस येऊन दीडशे वर्षांवर काळ लोटल्यामुळे त्यास आता पाहुणा म्हणवत नाही, इतकेच.

या दिवसांत लालबाग-परळच्या रहिवाशांनी दूर जावयाचे कारण नाही. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे हल्लीचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, जवळच आहे. लोक तेथे पेंग्विन पाहावयास गर्दी करतात. परंतु त्या बागेचे खरे वैभव तिची झाडे होत. ब्रह्मदेशाची उर्वशी, आफ्रिकेची गोरखचिंच, खोडास फुले लागणारा कैलासपती, अशी दूरदूरची मंडळी तेथे एकत्र नांदतात. उर्वशीचा लोंबता तुरा पानांच्या सावलीत असतो. तेव्हा ढगाळ सकाळ साधून, तिवई लावून, सावकाश चित्र घ्यावे.

पाडव्याच्या सकाळी गिरगावातून निघणारी शोभायात्रा हा अलीकडच्या काळातील नवा देखावा होय. पैठण्या, फेटे, ढोल-ताशे यांत रंगांची कमतरता नसते. उलट ते इतके असतात की चित्रकाराची दृष्टी गोंधळते. अशा वेळी सबंध मिरवणूक एका चौकटीत कोंबण्यापेक्षा एखाद्या चाळीच्या सज्जातून नातवास मिरवणूक दाखविणारी आजी टिपावी. तिच्या चेहऱ्यावर सारी मिरवणूक उमटलेली असते.

वर्षा

मुंबईचा खरा राजा पाऊस. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास तो येतो आणि चार महिने दरबार भरवितो. पाऊस छायाचित्रात दिसत नाही, अशी नवशिक्यांची तक्रार असते. तो दिसावा म्हणून त्याच्या मागे काळोखी पार्श्वभूमी आणि बाजूने वा समोरून येणारा उजेड पाहिजे. शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाइतके उघडे ठेवल्यास धारांच्या रेघा उमटतात. पाचशेव्या भागाइतके ठेवल्यास थेंब हवेत थबकल्यासारखे दिसतात. रेघा हव्यात की थेंब, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे. संतत धार आणि टपोरी सर यांचा भाव एकच नसतो.

मुंबईचा पाऊस किती लहरी असतो याचा दाखला २६ जुलै २००५ या दिवसाने दिला. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर. दादर-परळच्या मधला हिंदमाताचा सखल भाग तर दरवर्षीच्या तुंबण्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथील कमरभर पाण्याची चित्रे वर्तमानपत्रांत दरसाल येतात. हौशी चित्रकाराने त्यांच्या जोडीस आणखी काही पाहावे. शिवाजी पार्काभोवतीच्या पर्जन्यवृक्षांची मिटलेली पाने, डबक्यात उलटा दिसणारा दिव्याचा खांब, ओल्या वर्तमानपत्राची टोपी घातलेला शाळकरी मुलगा, हे सारे वर्षा ऋतूचेच अलंकार.

जून-जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. त्या काळात वरळीच्या कोळीवाड्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात, जाळी दुरुस्त होतात आणि नारळी पौर्णिमेस सारा वाडा सणाचे वस्त्र नेसतो. आषाढी एकादशीस वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरात पंढरीची आठवण यावी अशी रीघ लागते. आणि याच दिवसांत लालबाग-परळच्या मूर्तिशाळांत गणपती आकार घेत असतात. रंग लागण्यापूर्वीच्या शुभ्र मूर्तींच्या ओळींवर पत्र्याच्या फटीतून झिरपणारा पावसाळी उजेड पडला म्हणजे जे चित्र मिळते, ते उत्सवाच्या झगमगाटातही मिळत नाही. कारागिरांची परवानगी घेऊन, त्यांच्या कामात व्यत्यय न आणता, एक-दोन चित्रे घ्यावीत. आणि मागाहून त्यांस त्याची प्रत नेऊन द्यावी. चित्र घेतले ते ऋण आहे, प्रत दिली म्हणजे ते फिटते.

भाद्रपदाचे वर्णन करावयास नकोच. १८९३ पासून चालत आलेला गिरगावातील केशवजी नाईक चाळीचा उत्सव शांत आणि घरगुती. १९३४ पासून बसणारा लालबागचा राजा म्हणजे जनसागर. दोन्ही चित्रे एकाच वर्षी, एकाच संग्रहात शेजारी शेजारी लावून पाहावीत. मुंबई म्हणजे काय, हे त्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी सापडते.

शरद, हेमंत आणि शिशिर

पाऊस ओसरला की आश्विनात हवा धुऊन निघते आणि दूरच्या वस्तू जवळ दिसू लागतात. ही निर्मळता फार दिवस टिकत नाही, म्हणून दूरचे देखावे या काळात उरकून घ्यावेत. दसऱ्याच्या आदल्या पहाटे दादर स्थानकाच्या पश्चिमेस फुलबाजारात झेंडूच्या राशी पडतात. दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात आणि उजाडतीच्या निळसर प्रकाशात तोच झेंडू दोन रंगांचा दिसतो. दिवाळीत खोताच्या वाडीतील लाकडी सज्जांवर आणि गिरगावच्या चाळींच्या गॅलऱ्यांतून आकाशकंदील लागतात. त्यांचे चित्र गडद रात्री न घेता सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी, आकाशात निळाई शिल्लक असताना घ्यावे. त्रिपुरी पौर्णिमेस बाणगंगेच्या पायऱ्यांवर दिवे लागतात, त्यासही हाच नियम लागू.

डिसेंबरच्या ६ तारखेस, डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी, देशभरातून लाखो माणसे दादरच्या चैत्यभूमीवर येतात. १९५६ पासूनची ही माणसांची भरती-ओहोटी म्हणजे या शहराच्या वर्षक्रमाचा एक अविभाज्य भाग होय. शिवाजी पार्कावर पुस्तकांच्या दुकानांपुढे बसून, प्रवासाच्या शिणाने डोळे मिटत असतानाही पाने उलटणारे वृद्ध जो पाहील, त्यास विद्येची तहान कशास म्हणतात हे उमजेल.

हिवाळ्यात सकाळी मुंबईवर जे पांढरट आच्छादन पसरते, ते केवळ धुके नसून त्यात धूळ आणि धूर यांचा मोठा वाटा असतो. छातीस ते अपायकारक. परंतु त्यातून तांबूस सूर्य वर येतो, तेव्हा शिवडीच्या खाडीवर अनुपम शोभा दिसते. परळच्या लगत असलेल्या या किनाऱ्यावर १९९० नंतरच्या काळात रोहित पक्ष्यांचे थवे नियमाने दिसू लागले. साधारणतः नोव्हेंबर-डिसेंबरात ते येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ओहोटीस ते दूर चिखलात पांगतात. पाणी चढू लागले की किनाऱ्याकडे सरकतात. येथे वर सांगितलेला पाऊणपटीचा हिशेब उपयोगी पडतो. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून निघणारा सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला. पक्ष्यांचा मोठा ओढा आता ठाणे खाडीकडे आहे. त्या खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली रामसर यादीत दाखल झाला. शिवडीच्या धक्क्यावर उभे राहून ज्यांनी त्या गुलाबी रांगोळीची चित्रे घेतली, त्यांच्या संग्रहांस आता केवळ शोभेचे नव्हे, तर पुराव्याचे मोल आले आहे.

जे राहिले नाही ते

आता लेखाच्या आरंभी काढलेल्या प्रश्नाकडे वळू. हा उद्योग रिकामपणाचा आहे काय?

मौज अशी की, ज्या १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली, त्याच साली कावसजी दावर यांनी ताडदेव येथे मुंबईतील पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. पुढे शंभराहून अधिक वर्षे परळ, लालबाग, लोअर परळ या भागांचे आकाश गिरण्यांच्या धुराड्यांनी रेखलेले होते. सकाळचा भोंगा, पाळी सुटल्यावर फाटकातून लोटणारा माणसांचा पूर, खानावळींच्या पाट्या, हे सारे इतके नित्याचे होते की, त्याचे चित्र काढावे असे फार थोड्यांस वाटले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. हल्ली त्या जागी काचेचे मनोरे उभे आहेत. फिनिक्स मिलच्या आवारातील धुराड्यासारखी एखादी खूण बाजारपेठेच्या मधोमध शोभेची वस्तू होऊन राहिली आहे.

व्यावसायिक छायाचित्रकारांनी संपाची, मोर्चांची, पुढाऱ्यांची चित्रे घेतली. ती वर्तमानपत्रांच्या दप्तरांत आहेत. परंतु संप होण्यापूर्वीचा एखादा साधा मंगळवार, संध्याकाळच्या उन्हात लांब पडलेली धुराड्याची सावली, आणि त्या सावलीत गोट्या खेळणारी मुले, हे चित्र असेलच तर ते एखाद्या कारकुनाच्या वा मास्तरांच्या माळ्यावरील पेटीत असेल. त्यांनी ते कोणताही हेतू मनात न धरता, केवळ उजेड चांगला पडला होता म्हणून घेतले असेल. इतिहास घडत असताना बहुधा कोणी बोलावून सांगत नाही. हौशी मनुष्य वर्षानुवर्षे त्याच रस्त्याने जातो आणि त्याच झाडाचे चित्र काढतो. म्हणून झाड गेले त्या दिवशी त्याच्यापाशी झाडाचे चरित्र असते. हे काम पगारी माणसाकडून होणे नाही.

संग्रहाची काळजी

येथेच एक चिंतेची गोष्ट सांगावयाची आहे. गिरगाव, लालबाग, परळ येथील जुन्या चाळी व वाडे आज झपाट्याने पाडले जात आहेत. घर रिकामे करताना भांडी-कुंडी, देव, पलंग यांची मोजदाद होते. माळ्यावरील फोटोंची ट्रंक रद्दीवाल्याच्या तराजूत जाते. तिच्यातील निगेटिव्ह म्हणजे काय, हेही नव्या पिढीतील पुष्कळांस ठाऊक नसते. आणि ट्रंक राखली, तरी चित्रातील मंडळी कोण, हे ओळखणारी घरातील शेवटची आजी किंवा आत्या गेली म्हणजे सबंध संग्रह एका दिवसात मुका होतो. चेहरे राहतात आणि नावे जातात. ही हानी पैशाने भरून येणारी नाही.

तेव्हा प्रत्येक घराने चार गोष्टी कराव्यात. पहिली ही की, सुटीच्या दिवशी सर्वांनी एकत्र बसून जुने फोटो काढावेत आणि वृद्ध मंडळी सांगतील त्याप्रमाणे प्रत्येकाच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नाव, जागा आणि साल लिहावे. शाईच्या पेनाने लिहू नये, ती पुढच्या बाजूस उमटते. दुसरी, पावसाळ्यात चित्रे, फिल्म आणि लेन्स यांस बुरशी धरते, म्हणून ती बंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत आणि दर काही आठवड्यांनी हवा-उजेड दाखवावा. चिकट पानांच्या अल्बममधील चित्रे जपून सोडवून घ्यावीत. तो चिकटपणा चित्रांस खातो. जुन्या फिल्मच्या डब्यास शिरक्यासारखा आंबूस वास येऊ लागला, तर ती कुजू लागली असे समजून तिची प्रत ताबडतोब करून घ्यावी व ती इतरांपासून निराळी ठेवावी. तिसरी, संगणकावर घेतलेल्या प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात, आणि त्यांपैकी एक ठिकाण दुसऱ्या गावच्या नातलगाचे असावे. चौथी गोष्ट आजच्या चित्रांविषयी. फोनमध्ये हजारो चित्रे साठतात आणि त्यांतील एकही कोणी पुन्हा पाहत नाही. वर्षअखेरीस त्यांतून बारा निवडावीत, कागदावर छापावीत आणि खाली तपशील लिहून वहीत लावावीत. जुन्या फितीवर बाराच चित्रे बसत, ती मर्यादा आता आपण होऊन पाळावयाची.

मुलांस हा छंद लावण्यास महागडे यंत्र लागत नाही. घरातील साधा फोन पुरे. खिडकीतून दिसणारे एक झाड त्यास नेमून द्यावे आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी, ठरल्या वेळी, त्याचे एक चित्र घ्यावयास सांगावे. वर्षभराने त्या बारा चित्रांपुढे आजोबांनी आणि नातवाने एकत्र बसावे. पानगळ कोणत्या महिन्यात झाली, पालवी कधी फुटली, समोरच्या इमारतीचा मजला केव्हा चढला आणि झाडावरचे ऊन केव्हा हरपले, हे तो मुलगाच आजोबांस सांगू लागेल. मुंबईस ऋतू नाहीत असे मग त्या घरात तरी कोणी म्हणणार नाही. आणि ते झाड उद्या रस्तारुंदीत गेलेच, तर निदान एका वहीत त्याचे पूर्ण वर्ष, तिथीवार, शाबूत राहील.